आधी खुर्चीत बसा, मग भिंतीचा रंग ठरवा

गेल्या अंकात लहान दुकानांच्या मांडणीवर लिहिताना सलूनचा उल्लेख जेमतेम चार ओळींत आला होता. पण सगळ्यांत जास्त पत्रं आली ती त्या चार ओळींवर, म्हणून या वेळचं सदर पूर्ण सलूनसाठी. माझ्या वडिलांचं फलटणला केशकर्तनालय होतं. मी इंटिरियरचं शिकून साताऱ्यात काम करते आणि आजवर केलेल्या दुकानांत सलूनचीच संख्या मोठी आहे. पाणी, वीज, उष्णता, रसायनं, धारदार हत्यारं आणि माणसाचा चेहरा, हे सगळं दोनशे चौरस फुटांत सांभाळायचं असतं. त्यामुळे हे काम मला नेहमीच सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जवळचं वाटत आलं आहे.

प्रश्न : वडिलांचं तीन खुर्च्यांचं दुकान आता मी चालवणार आहे. गाळा दहा बाय वीसचा, मेन रोडला. बजेट सहा लाख. मित्राने डिझाइन करून दिलंय : काळ्या भिंती, सोनेरी पट्ट्या, समोरच्या भिंतीवर निऑनची इंग्रजी अक्षरं आणि दोन्ही बाजू मिळून सहा खुर्च्या. वडील म्हणतात, तीनच ठेव. कोणाचं ऐकू? — एक वाचक, विटा

वडिलांचं ऐका. का ते मापातच दिसेल.

दहाचा गाळा प्लॅस्टर आणि पॅनेलिंग धरून आतून साडेनऊ भरतो. आरशाच्या भिंतीपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत चार फूट जातात, कारण त्यात फळी आली, गिऱ्हाइकाचे गुडघे आले, पायठेवणी आली. खुर्चीमागे कारागिराला मोकळेपणी फिरायला तीन फूट हवेत. झाले सात. उरलेल्या अडीच फुटांत येणंजाणं. आता दोन्ही भिंतींना खुर्च्या लावा : चार आणि चार आठ, आणि मधल्या दीड फुटात दोन कारागीर पाठीला पाठ लावून उभे. एकाच्या हातात कात्री, दुसऱ्याच्या हातात गरम ड्रायर आणि त्यांच्यामधून चहावाला पोऱ्या ग्लास घेऊन चाललाय. मला हे चित्र डोळ्यांसमोर आणवत नाही.

लांबीचा हिशेब असा. एका खुर्चीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत पाच फूट असावेत, फारच अडचण असेल तर साडेचार. त्याखाली गेलात की ड्रायर धरलेला कोपर शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानाला लागतो. तीन खुर्च्यांना साडेतेरा फूट गेले. उरलेल्या साडेसहात मागे डोकं धुवायची जागा आणि टॉवेल-सामानाचं कपाट, पुढे काउंटरपुरती जागा. बसायचा बाक आरशांसमोरच्या भिंतीला, दारालगत, सव्वा फुटाहून रुंद नको. एक गोष्ट मात्र जपा. दाढीसाठी खुर्ची आडवी केली की ती सहा फुटांच्या आसपास लांब होते. म्हणून दाढीची खुर्ची बाकासमोर ठेवू नका, आतल्या बाजूची ठेवा.

मापं कागदावर पटत नसतील तर गाळा रिकामा असतानाच खडूने जमिनीवर खुर्च्या काढा. एक खरी खुर्ची आणून ठेवा, वडिलांना तिच्यामागे उभं करा आणि हातात कंगवा द्या. त्यांनी गिऱ्हाइकाभोवती एक पूर्ण फेरी मारावी. त्यांचा पाय जिथे अडेल तिथे तुमचं डिझाइन चुकलंय.

आता निऑनबद्दल. खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशासमोरची भिंत थेट दिसतच नाही, ती आरशात दिसते, त्याच्या स्वतःच्या डोक्यामागे. म्हणजे तुमची इंग्रजी अक्षरं त्याला अर्धा तास उलटी दिसणार आणि त्यांचा गुलाबी-निळा उजेड त्याच्या केसांच्या कडेवर पडणार. ती भिंत शांत ठेवा : फिकट राखाडी किंवा साधा मातकट रंग, वर काही नाही. केसांची कड स्पष्ट दिसली तर कारागिराचा फेड, म्हणजे खालून वर हळूहळू दाट होत जाणारा कट, नीट उतरतो. निऑन हौसेने लावायचंच असेल तर काचेत, रस्त्याकडे तोंड करून लावा.

काळ्या लॅमिनेटवर पावडरचे हात उमटतात. मानेला पावडर लावली, खुर्ची सरकवायला हात भिंतीला टेकला, की तिथे पांढरा पंजा. दिवसभरात भिंत पंजांनी भरते. शिवाय काळा रंग उजेड खातो, त्यामुळे दिवे वाढवावे लागतात आणि बिलही वाढतं.

सहा लाखांतले निदान दोन लाख वायरिंग, पाणी, ड्रेनेज आणि एक्झॉस्टसाठी आधीच बाजूला काढा. हे काम भिंतीच्या आत जातं, म्हणून कोणी त्याचं कौतुक करत नाही, पण रंग लावून झाल्यावर ते करायची वेळ आली तर रंगासकट सगळं फुटतं.

शेवटचं, आणि मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझ्या वडिलांच्या पिंढऱ्यांवर निळ्या गाठी आल्या होत्या. सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत कडप्प्याच्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, रविवारी जेवणही उभ्यानेच. प्रत्येक खुर्चीमागे पाऊण इंच जाडीची रबरी मॅट घाला, कारागिरासाठी चाकांचं एक उंच स्टूल ठेवा आणि खुर्ची वर-खाली होणारी हायड्रॉलिकच घ्या, म्हणजे लहान मुलाचे केस कापताना कंबर वाकणार नाही. सोनेरी पट्ट्यांचे पैसे इथे वळवा.

प्रश्न : माझं लेडीज सलून आहे. हेअर कलर केल्यावर आरशात छान चॉकलेटी दिसतो, पण बायका बाहेर उन्हात गेल्या की तांबूस दिसतो म्हणून परत येतात. कलर चांगल्या कंपनीचा आहे. दोष कोणाचा? — एक सलूनमालकीण, बार्शी

ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोत छतभर पांढरेशुभ्र चौकोनी पॅनेल दिसताहेत. दोष त्यांचा आहे, तुमच्या हाताचा नाही.

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे बघायचे. पहिला केल्विनचा. ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तुमच्याकडे ६५०० चे स्वस्त पॅनेल आहेत आणि त्यांच्या उजेडात तांबडा भाग फार कमी असतो. जो रंग उजेडात नाही तो केसांवर दिसणार कसा? केसांत तांबूस छटा आधीपासून असते, फक्त दुकानात ती दडते आणि उन्हात जाताच बाहेर येते. ३००० चे दिवे लावणाऱ्यांची तक्रार याच्या बरोबर उलटी असते : दुकानात सोनेरी ऊबदार दिसलेला रंग बाहेर राखेसारखा मळकट वाटतो. सलूनच्या आरशापाशी ४००० केल्विनचा उजेड ठेवा.

दुसरा आकडा सीआरआय. वस्तूचे रंग किती खरे दिसतात याचं ते माप, शंभरपैकी. साधे दिवे ८० चे असतात, तुम्हाला ९० च्या वरचे हवेत. आणि इथे दुकानदार सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद तांबडा धरलेलाच नसतो. त्याची नोंद वेगळी असते, तिला आर-९ म्हणतात. केसांचा आणि त्वचेचा सगळा खेळ तांबड्याचा असल्यामुळे आर-९ किमान ५० असलेला दिवा मागा. मोठ्या दुकानात माहितीपत्रक दाखवतात. जो दाखवणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जागा बदलणंही तितकंच गरजेचं. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पडते आणि चाळिशीची बाई आजारी दिसते. पुरुषांच्या सलूनमध्ये तर डोक्यावरचा स्पॉट विरळ झालेली टाळू उघडी पाडतो. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसणं कोणालाही नको असतं. आरशाच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला, दुधी काचेच्या दोन-अडीच फुटी उभ्या पट्ट्या लावा. आरशामागून डोकावणारी एलईडीची किनार फोटोत सुंदर दिसते, पण तिचा उजेड भिंतीवर पडतो, चेहऱ्यावर पडत नाही. ती हवी तर शोभेला ठेवा, कामाला तिचा उपयोग नाही.

पडताळा घरच्या घरी होतो. शेड-कार्डावरची केसांची एक बट घ्या, सकाळी अकराच्या सुमारास दाराबाहेर सावलीत धरून बघा आणि लगेच आत येऊन खुर्चीत बसून आरशात बघा. नुसत्या डोळ्यांनीच बघा, मोबाइलने फोटो काढून ताडू नका, कारण कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो. दोन्हीकडे बट सारखी दिसली की दिवे बरोबर. तुमच्या फोटोतली पोपटी भिंतही मला खटकतेय. उजेड तिच्यावर आपटून गिऱ्हाइकाच्या गालावर येतो आणि चेहरा हिरवट दिसतो. कलरच्या खुर्चीजवळची तेवढी एक भिंत तरी पांढुरकी करून घ्या.

प्रश्न : पहिल्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली आहे. डोकं धुण्याचं बेसिन बसवायचंय, पण मालक फरशी फोडू देत नाहीत. प्लंबर म्हणतो, पाइप वरूनच टाकू. चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

चालेल, पण ढाळ सांभाळून. सांडपाण्याच्या पाइपला चाळीसात एक एवढा उतार हवा. दहा फुटांवर मोरी असेल तर पाइपचं एक टोक तीन इंच वर उचलावं लागतं. त्यात दोन इंची पाइप आणि बेंड धरला की सहा इंचांचा ओटा करावाच लागतो. म्हणून बेसिनची जागा डिझाइनवाल्याने नाही, मोरीने ठरवायची : जितकी जवळ तितका ओटा कमी.

भाड्याच्या जागेत विटांचा ओटा बांधू नका. लोखंडी फ्रेम, वर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि मॅट फरशी. सोडून जाताना उचलून नेता येईल. खालच्या मूळ फरशीवरही वॉटरप्रूफिंगचा हात मारून, चारी बाजूंनी बांध घालून, एक दिवस पाणी साठवून बघा. खालच्या दुकानदाराला तेव्हाच सांगून ठेवलं की पुढची भांडणं टळतात. ओटा एवढा मोठा हवा की खुर्चीचे सगळे पाय आणि मागे उभा राहणारा कारागीर दोघंही त्याच्यावरच राहतील. अर्धा पाय खाली, अर्धा वर अशा जागी ओल्या फरशीवर माणूस पडतोच. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावा.

केस अडवणारी जाळी हाताने निघणारी घ्या आणि खालच्या ट्रॅपपर्यंत, म्हणजे वास अडवणाऱ्या पाइपच्या वळशापर्यंत, हात पोचेल असं दार ठेवा. सुताराला सगळं सुबक बंद करायची सवय असते, त्याला आधीच बजावा. एकामागोमाग तीन डोकी धुवायची असतील तर गिझर २५ लिटरचा घ्या.

आणि बेसिन विकत घ्यायच्या आधी त्यात मान टेकवून पाच मिनिटं पडून राहा. पूर्ण पाच. कड मानेला रुतली, हनुवटी छताकडे गेली, तर ते बेसिन नको. मान अशी मागे ताणून धरल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊन पक्षाघात झाल्याच्या घटना १९९३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या, आणि तेव्हापासून त्याला ब्यूटी पार्लर स्ट्रोक असंच नाव पडलं. असं क्वचित घडतं, पण वयस्कर गिऱ्हाईक विश्वासाने मान तुमच्या हातात देतं. वर-खाली हलणारं बेसिन आणि मानेखाली जेलची गादी यांत काटकसर करू नका.

प्रश्न : मी पुण्यात एका सलूनमध्ये काम करतो. केराटिन, स्मूदनिंग चालू असलं की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. मालक म्हणतात, एसी आहे ना. खरंच एसीने जातं का? नाव छापू नका. — एक कारागीर

जात नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा घेतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. म्हणजे तो धूर तुम्हीच पुन:पुन्हा घेताय, फक्त गार करून.

केस सरळ करायच्या काही द्रावणांतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलं असलं तरी काही घटक तापल्यावर तेच वायूरूपात सोडतात. तुम्ही लावता तो कापडी किंवा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही. गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, तुम्ही रोज तिथे असता, म्हणून ही व्यवस्था आधी तुमच्यासाठी हवी.

मालकांना हे पान दाखवा. खर्च फार नाही. दोनशे चौरस फूट जागा, नऊ फूट उंची, म्हणजे १,८०० घनफूट हवा. ती तासाला दहा वेळा बदलायची तर १८,००० घनफूट, म्हणजे साधारण ५१० घनमीटर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लागेल. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. पंखा ट्रीटमेंटच्या खुर्चीशेजारच्या बाहेरच्या भिंतीत बसवायचा आणि ताजी हवा आत यायला समोरच्या बाजूला, दाराच्या वर किंवा खाली, जाळी ठेवायची. आत येणारी वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. एसीची थोडी गार हवा वाया जाईल, ती जाऊ द्यावी. मालकांनाही त्याच हवेत बसायचंय.

प्रश्न : दोन ड्रायर आणि एसी एकदम चालू केले की मेन पडतो. वायरमन म्हणतो, ३२ अँपिअरचा एमसीबी काढून ४० चा टाकतो. टाकू का? — एक वाचक, अहिल्यानगर

टाकू नका! एमसीबी तुमच्या वायरचा रक्षक आहे, झेपेल त्याहून जास्त वीज ओढली गेली की तो आपोआप पडतो. तो मोठा केला आणि वायर तीच ठेवली तर आता एमसीबी पडणार नाही, वायर तापेल, आणि सलूनमध्ये भिंतीलगत प्लाय, स्प्रेचे डबे, टॉवेल असतात.

हिशेब करा. २,००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दोन ड्रायर साडेसतरा, दीड टनाचा एसी सात-आठ, गिझर आणखी पावणेनऊ. झाले तेहतीस-चौतीस, दिवे अजून धरलेच नाहीत. आधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या, गरज असेल तर थ्री फेज मागा. मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खुर्चीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चार एमएमची वायर आणि तिला साजेसा एमसीबी करून घ्या. ओल्या हातांची जागा आहे, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर ड्रायर कधीच नको.

एसीही कमी पडत असणार. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, आणि तुमचा एक ड्रायर चालू असेपर्यंत दोन किलोवॉट उष्णता खोलीत ओततो. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त थंडावा एका ड्रायरनेच संपतो. दोनशे फुटांना दीड टन पुरतो हे कपड्याच्या दुकानाचं गणित झालं.

प्रश्न : दुकान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांत खुर्च्यांचं क्रोम सोललं, आरशांच्या कडा काळ्या पडल्या. काय वापरू? — एक वाचक, रत्नागिरी

खारी हवा क्रोमला सोडत नाही. चकचकीत मुलामा बघू नका, खुर्चीचा तळ आणि हात स्टेनलेस स्टीलचे घ्या, शक्यतो ३१६ जातीचे; ३०४ जातीचं स्टीलसुद्धा तिथे डाग धरतं. शटर आणि दाराला पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम.

आरसा काळा पडतो तो मागून, कडेने ओल शिरून. कापलेल्या कडेला सीलंटचा हात देऊन घ्या, आरसा भिंतीला थेट चिकटवू नका, मागे हवा खेळेल एवढी पाव इंचाची फट ठेवा आणि खालची कड फळीवर टेकवू नका. फळीवर सांडलेलं पाणी तिथूनच वर चढतं. आरशाचे लहान स्वतंत्र तुकडे लावा, म्हणजे एक खराब झाला तर एकच बदलता येईल. पावसाळ्यात रात्री दुकान बंद असताना ओलसर टॉवेल आत ठेवू नका, एवढ्याने फार फरक पडतो.

प्रश्न : युनिसेक्स सलून काढतेय. बायका म्हणतात, रस्त्यावरून दिसतं म्हणून यायला संकोच वाटतो. पूर्ण काच काळी करू का? — एक वाचक, लातूर

पूर्ण बंद केली तर आत काय चाललंय हे न कळून नवीन बाई दार उघडायला कचरते. काचेवर अडीच फुटांपासून सहा फुटांपर्यंत दुधी फिल्म लावा. बसलेलं आणि उभं माणूस दोन्ही झाकतं, वरून उजेड येतो, दिवे लागलेले बाहेरून दिसतात. डोक्याला कलर थापून, टोपी घालून चाळीस मिनिटं बसावं लागतं, त्या खुर्च्या दारातून सरळ दिसणार नाहीत अशा वळणावर ठेवा. वॅक्सिंग-थ्रेडिंगची खोली छतापर्यंत भिंत असलेली हवी, वरून उघडं पार्टिशन नको. आतून कडी आणि तिथे स्वतंत्र एक्झॉस्ट. सीसीटीव्ही फक्त काउंटर आणि दारावर लावा आणि कुठे आहे त्याची पाटी दिसेल अशी ठेवा.

प्रश्न : फरशी कोणती? आणि फर्निचरच्या बिलावरचा जीएसटी वळता होतो का? — एक वाचक, जालना

मॅट व्हिट्रिफाइड, मध्यम राखाडी, बारीक ठिपक्यांची. चकचकीत फरशीवर पडलेले केस आणि एक थेंब पाणी एवढंही घसरायला पुरतं. सांधे इपॉक्सीने भरून घ्या, सिमेंटच्या सांध्यात कलरचा डाग कायमचा बसतो. लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंग पाण्याने फुगतं, ते नको.

सलूनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण तो इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही. म्हणून खुर्च्या-फर्निचरवर भरलेला कर खर्चातच धरून बजेट मांडा आणि तुमच्या नोंदणीचं सीएंकडून तपासून घ्या.

प्रश्न : दुकान नवीन करतोय. संत सेना महाराजांची तसबीर आजोबांच्या काळची आहे, मुलगा म्हणतो ती नव्या लूकला शोभत नाही. पाटीवरही त्याला फक्त इंग्रजी लोगो हवाय. — एक वाचक, ठाणे

दादा, तसबीर राहू द्या आणि तिला चांगली जागा द्या. धुण्याच्या बेसिनजवळ किंवा स्प्रे उडतो त्या भिंतीवर नको, वाफेने कागद पिवळा पडतो. काउंटरच्या मागे, डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर, दुकानाच्या बाकी लाकडाच्याच रंगाची साधी चौकट करून घ्या आणि वर एक लहान पिवळसर दिवा. त्या चौकटीने तसबीर नव्या दुकानाची होते. श्रावण वद्य द्वादशीला, पुण्यतिथीच्या दिवशी, हार घालायला वर दोन हुक आणि खाली समईपुरती फळी आत्ताच सुताराला सांगा. समई लावणार तर तिच्यावर कापड किंवा प्लाय येणार नाही एवढं बघा.

पाटीचं मात्र मुलाला समजावून सांगावं लागेल. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, मराठी अक्षरं आधी आणि इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. लोगो ठेवा, पण मराठी नाव खाली कोपऱ्यात ढकललेलं नको, तेच मुख्य करा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने केलेल्या पाटीत ती चेपली जाते. दहा फुटांवरून वाचायला अक्षर एक इंच उंच हवं असं धरतात. तुमचा रस्ता साठ फुटी असेल तर सहा इंचांखाली जाऊ नका, आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली मिळून तेवढीच जागा आणखी सोडा. नाव आणि रस्त्याची रुंदी मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पाटीचं माप मी काढून पाठवते.